अमृतच्या नावाचा धोंडा

चालू द्या तुमचं. मी काय तुमचा बेत मोडायला गच्चीवर आलेलो न्हाई. खाली तुमच्या मामीची मालिका लागलीय, तितं मला बसवत न्हाई, म्हनून गोधडी घेऊन वर आलो. मोनिका, सरक जरा. आन् संस्कृती, ती शाल घे अंगावर, उद्या शिंकत बसशील.

काय म्हनत हुता? कळसूबाई नको, एकतीस तारखेला शिडीला रांग लागती. हरिश्चंद्रगड नको, तितं तंबूला तंबू. बरोबर हाय तुमचं. अकरा वर्षं अकोले डेपोला कंडक्टर हुतो मी, शनिवारी पाठीवर पोती बांधून येनारी पोरं म्याच गाडीत कोंबलेली हाईत. चढताना तीस, उतरताना घसा बसलेले तीस. डोंगर बघितला का गर्दी बघितली, त्यांचं त्यांनाच ठावं.

मग रविराज, मगाशी मोबाईलवर कुठली वाट दाखवलीस ह्यांना? आन हिकडं. हां. बारीक रेघ हाय, वर नाव न्हाई, फोटो न्हाई. "मामा, इथं कुणीच जात नाही" म्हनालास. खिंड ओळखली म्या. ह्याच शब्दांत मला एक पोरगा बोलला हुता, आन् ह्याच खिंडीबद्दल. हसू नकोस. आधी ऐक, मग हस. हसायची ताकद ऱ्हायली तर.

दोन हजार एकोनीस साल. जून महिना असंल. मी राजूरच्या पलीकडं कातळवाडीच्या मुक्कामी गाडीवर हुतो. मुक्कामी गाडी म्हंजी काय, तर संध्याकाळची शेवटची गाडी गावात जाती, रातभर तितंच थांबती, आन् सकाळी सहाला तीच पहिली गाडी म्हनून निघती. ड्रायव्हर गाडीतच झोपायचा. माझं अंथरून मच्छिंद्रबाबाच्या पडवीत. बाबा साठीचा गडी, बोलायला कमी, चालायला वाऱ्यावानी. शहरातली पोरं आली की वाटाड्या म्हनून डोंगरात न्यायचा.

आन् हिकडं, माझ्या थोरल्या बहिनीच्या गावात, लंकाबाई. गावाचं नाव सांगत न्हाई, तुमी उद्या बघायला जाल. शेवगाव स्टँडवरनं अर्ध्या तासाचा रस्ता, एवढं बास. नवरा गेलेला. एक पोरगी सविता, आन् एक पोरगा, अमृत. सव्वीस वर्षांचा. साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर हुता. त्याला डोंगराचं याड. सपाटीवर जलमलेल्या पोराला डोंगराचं याड कुठनं लागलं देव जाने. पन लागलं.

मी सुट्टीवर बहिनीकडं गेल्तो, तर हा आला. म्हनाला, "मामा, एक काम हुतं तुमच्याकडं."

"बोल की."

"तुमच्या त्या मच्छिंद्रबाबांना विचारा, धोंडखिंडीतनं वर पठारावर नेतील का. चौघं हाव आमी. गर्दीच्या वाटा बघून इट आलाय. इथं कुनीच जात न्हाई, मी लई शोधून काढलीय."

साधं काम. मुक्कामाला गेलो, विचारलं. बाबा म्हनाला, नेतो की. पन खिंडीचा एक रिवाज हाय, तो पाळावा लागंल. म्या म्हनलं, पाळतील, पोरं चांगली हाईत. झालं. जुळवून दिलं म्या. मी. हे ध्यानात ठेवा.

पुढं सहा महिने त्या पोरानं जे काय केलं! एक वही केली. पानी कुठं मिळतंय, मोबाईलला रेंज कुठं येती, सूर्य किती वाजता कुठल्या सुळक्यामागं जातो. गाडीत कुठल्या बाजूला बसलं म्हंजी धरन दिसतं, हे सुद्धा मला विचारून लिहून घेतलं. पगारवाढ झाली तेव्हा एवढा खूश झाला नसंल. डिसेंबरचा दुसरा शनिवार ठरला, चौदा तारीख.

आन् चार तारखेला पडला. कारखान्यातनं येताना वळनावर ट्रॉलीतला ऊस सांडलेला, त्यावरनं मोटारसायकल घसरली. डावा पाय दोन जागी मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर.

बाकीचे तिघं म्हनले, रद्द करू. त्यात अजिनाथ म्हनून एक हुता, अमृतचा बालमित्र, एका ताटात जेवलेले दोघं. तो तर ऐकंचना, तू न्हाई तर मी न्हाई. पन अमृतनं हट्ट धरला. म्हनाला, "अज्या, मी सहा महिने त्या वाटंवर डोक्यानं चालतोय. तुमी पायानं जाऊन या. माझ्या वाटनीचं बघून या."

माझ्या वाटनीचं. पोरगं सहज बोलून गेलं.

तर शनिवार, चौदा डिसेंबर. दत्तजयंती होऊन तीन दिवस झालते. तिघं सकाळच्या गाडीनं कातळवाडीत उतरले, बाबाच्या घरी जेवले आन् तीनला चढाईला लागले. साडेपाचला खिंडीत. उन्हं उतरलेली. तितं वाटंच्या कडंला धोंड्यांचा ढीग हाय, कमरंएवढा. देव म्हनावा तर मूर्ती न्हाई, शेंदूर न्हाई. नुसता ढीग.

बाबानं रिवाज सांगितला. वर जाताना प्रत्येकानं आपल्या हातानं एक धोंडा ढिगावर ठेवायचा. माघारी येताना आपलाच धोंडा आपल्याच हातानं उचलायचा आन् खाली टाकायचा. ठेवला म्हंजी डोंगराला कळलं, अमकं मानूस आत आलं. उचलला म्हंजी सुटलं. एवढंच. पिढ्यानपिढ्या तितले लोक असंच करत आलेत, गुरं चारायला गेले तरी. एका पोरानं विचारलं, "आन् बाबा, हे एवढे सगळे धोंडे कुनाचे मग?" बाबा म्हनाला, "जे उतरले न्हाईत त्यांचे." आन् पुढं चालायला लागला.

बाबानं आपला आधीच ठेवल्ता, मग तिघांनी एकेक धोंडा ठेवला.

आता ऐका, काय चूक झाली. आपली मानसं कशी असतात? जत्रंला निघालं की शेजारचा नारळ हातात देतो, आमच्या नावानं फोडा. घरातलं मानूस आजारी असलं तर त्याच्या नावाचा गुलाल पुडीत बांधून आनतो, त्याच्या नावानं घंटा वाजवतो. आपला देव ते चालवून घेतो. जो आला न्हाई त्यालाबी पावतो. अजिनाथ असल्या घरातला पोरगा. बाबा पुढं गेलेला, बाकीचे दोघं फोटो काढत हुते. त्यानं वाकून आनखी एक धोंडा उचलला. म्हनला, "हा अमृतच्या नावाचा." आन् ठेवला ढिगावर.

मायेनं ठेवला हो. दुसरं काय हुतं त्याच्या मनात? सहा महिने ज्यानं वाट शोधली तो घरी पडलाय, त्याची हजेरी तरी लागावी. त्या जागी मी असतो तर म्याबी ठेवला असता.

अंधार पडताना ते वर पठारावर पोचले. चंद्र आठनंतर उगवनार हुता. बाबानं चूल मांडली, भाकरी भाजल्या, पिठलं केलं. चौफेर मोकळं रान. मानूस न्हाई, दिवा न्हाई, कुत्र्याचं भुंकनं न्हाई. पोरं खूश. जेवनं झाली, बाबानं चहा केला, गाळला, आन् कप मांडले. पाच.

एक पोरगं हसून म्हनालं, "बाबा, आमी तीन, तुमी चौथे. हा पाचवा कुनाला?"

बाबा कपाकडं बघत बसला. त्यानं मला पुढं सांगितलं, "कंडक्टर, मी मोजून न्हाई मांडले. जितकी मानसं विस्तवापाशी हुती, तितके मांडले."

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी अजिनाथ उठला. अमृतच्या वहीत लिहिलेलं, पठाराच्या पश्चिम कडंला एका खडकावर रेंज येती. अमृतला फोटो पाठवावा म्हनून गेला. खडकावर चढला आन् मोबाईल वाजायलाच लागला. सविताचे अकरा मिस कॉल.

लावला.

सविता रडत हुती. म्हनली, "अजिनाथदादा, अमृतदादा उठंना झालाय. साडेपाचला म्हनला जरा डोळा लागतोय, तवाधरनं हाका मारतोय आमी. श्वास चालू हाय. डॉक्टर येऊन गेले, म्हनले सगळं ठीक दिसतंय, पन सकाळी नगरला हलवा. पाय गार पडलेत. आन् झोपेत बोलतोय."

"काय बोलतोय?"

"गर्दी हाय म्हनतोय. आई, हितं लई गर्दी हाय. सरकायला जागा न्हाई म्हनतोय."

अजिनाथनं मागं वळून बघितलं. चंद्र वर आलेला. मैलभर उघडं पठार. गवत. विस्तव, आन् विस्तवापाशी तिघं. बाकी… काय न्हाई.

तो पळत आला. बाबाच्या पायाशी बसला आन् सगळं सांगून टाकलं. धोंडा ठेवला म्हनून सांगितलं.

बाबानं हातातलं लाकूड विस्तवात सारलं.

मग म्हनाला, "मानूस न्हाई आन् धोंडा ठेवलास?"

"व्हय बाबा."

"धोंडा हाय म्हंजी मानूस पायजे. डोंगर आनतो त्याला."

"आता काय करायचं बाबा?"

"उजाडायच्या आत उचल. ज्यानं ठेवला त्यानंच. माझ्या हातानं न्हाई व्हनार."

बाकीच्या दोघांना विस्तवापाशी बसवलं. लाकडं टाकत ऱ्हा, उठू नका, कुनी बसायला आलं तर बोलू नका, असं सांगितलं. त्या दोघांनी ती रात कशी काढली ते कधीच सांगितलं न्हाई. त्यातला एक पुन्हा डोंगराकडं फिरकलासुद्धा न्हाई.

बाबा आन् अजिनाथ निघाले. रातची उतरन, बॅटरीच्या उजेडात. पाऊल घसरतंय, दगड सुटतायत. एक वाजता खिंडीत.

वारा पडलेला.

अजिनाथ ढिगासमोर गेला. बॅटरी मारली. वरच दोन धोंडे ठेवल्ते त्यानं, एक स्वतःचा, एक अमृतचा. शेजारी शेजारी. ते शोधायचे.

आन् पोरगं बॅटरी खालवर फिरवायला लागलं.

ढीग छातीएवढा हुता.

संध्याकाळी कमरंएवढा. आता छातीएवढा. आन् वर सगळे सारखेच धोंडे. काळे, गोल, मुठीएवढे.

"बाबा… कुठला?"

बाबा दहा हात लांब उभा. "मला काय म्हाईत? असं आजवर कुनी केलंच न्हाई."

त्यानं हात लावला. एकाला. दुसऱ्याला. डिसेंबरची रात, डोंगराची हवा… धोंडे कोमट हुते. कुनीतरी आत्ताच हातातनं ठेवल्यासारखे. सगळे.

"अमृत," त्यानं हळूच म्हनलं. "अमृत, कुठला रं?"

काय न्हाई.

"अमृत… तुझी आई रडतीय. सांग."

काय न्हाई…

मग आवाज आला. अगदी जवळनं. बारीक.

"पावनं… ह्यो. ह्यो उचला."

त्याच्या उजव्या हाताखालचा धोंडा. त्यानं उचलला. मागं फिरला, आन् खाली दरीकडं टाकला. लई वेळ गडगडत गेला तो.

मग आपला म्हनून एक दुसरा उचलला. तो आपोआप हाताला आला. एवढा गार, की बोटं बधिर झाली. तो टाकला.

एक वाजून वीस मिनिटं.

पहाटं तीन वाजता पडवीत मला कुनीतरी गदागदा हलवलं. मी त्या रातीला कातळवाडीतच हुतो ना, मुक्कामाला. बघतो तर अजिनाथ. गुडघे फुटलेले, तोंडावर माती. बाबा वरच्या पोरांना आनायला माघारी गेला, आन् हा एकटाच धावत गावात उतरला. म्हनला, मामा, फोन, फोन. शाळेच्या अंगनात रेंज येती, तितं नेला त्याला. सविताला लावला.

पलीकडनं सविता वरडली, "उठला! एक वीसला डोळे उघडले दादानं! पानी मागितलं!"

अजिनाथनं मला मिठी मारली आन् लहान पोरावानी रडला. म्याबी रडलो, खोटं कशाला सांगू. इतका आनंद मला माझ्या पोरीच्या लग्नातबी झाला न्हवता.

सहाला बाबा त्या दोघांना घेऊन, खिंडीत आपापले धोंडे उचलून, उतरला. गाडी सुटायची येळ झाल्ती, म्या पाच मिनिटं थांबवली. बाबाला सांगितलं, पोरगं उठलं. त्याचा चेहरा काय हलला न्हाई. त्यानं अजिनाथला एवढंच विचारलं, "हाक कशी मारली त्यानं तुला?"

"पावनं म्हनला."

"आन् तुझा दोस्त तुला काय म्हनतो?"

अजिनाथनं वळून डोंगराकडं बघितलं.

अज्या म्हनायचा अमृत त्याला. जलमापासनं. पावनं कोन म्हनंल बालमित्राला?

बाबा घरात गेला आन् दार लावून घेतलं. म्या घंटी मारली. गाडी निघाली.

जानेवारीच्या शेवटाला मी बहिनीकडं गेलो. अमृतचं प्लास्टर काढल्तं. अंगनात बसून जनावरांसाठी दावं वळत हुता. ज्या पोरानं कधी गोठ्यात पाऊल टाकलं न्हाई, तो. मला बघून उठला, हात जोडले, "या पावनं, बसा" म्हनला. सहा महिने मामा-मामा करून ज्यानं माझं डोकं खाल्लं, तो.

डोळ्यांत वळख न्हवती. वाईटपनाबी न्हवता, सांगतो. लई सालस झालता. चारला उठायचा, वैरन आनायचा, पानी भरायचा. कारखान्यात गेलाच न्हाई. मोबाईलला हात लावला न्हाई. ती वही सवितानं त्याच्यापुढं ठेवली, तर म्हनला, मला वाचता येत न्हाई.

आन् लंकाबाईला "बाई" म्हनायचा. बाई, भाकर वाढता का. बाई, पानी तापलंय.

मी निघालो तशी लंकाबाई फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. कुनी ऐकत न्हाई असं बघितलं, आन् म्हनली, "भाऊ, अंग माझ्या पोराचं हाय. म्या न्हाऊ घातलेलं अंग हाय ते. पन आत माझा पोरगा न्हाई. हे कुनीतरी बिचारं लई दिसाचं उपाशी हाय. भाकर मागतो, मी वाढते. काय करू? पन माझा अमृत कुठं हाय हो?"

हे सगळं जुळवून दिल्तं म्या.

महाशिवरात्रीला सुट्टी टाकली आन् अजिनाथला घेऊन खिंडीत गेलो. दोन हजार वीस, एकवीस फेब्रुवारी, भर दुपारी बाराला. बाबा आला न्हाई. म्हनला, त्या पोराला आता कुठला बी धोंडा उचलू दे, काय उपेग न्हाई. अंग मोकळं पायजे ना अमृतला आत जायला. अंगात दुसरा बसलाय.

तरी अजिनाथनं एकेक धोंडा उचलला. हाका मारल्या. घसा बसला पोराचा. दुपारची वेळ, ऊन कडक, आन् धोंडे साधे धोंडे. शेवटी तो खाली बसून डोकं आपटायला लागला. त्याला धरायला म्हनून मी ढिगाच्या मागच्या बाजूला गेलो. तितं एक सपाट कातळ हाय.

कातळावर रेघा हुत्या. अनकुचीदार दगडानं ओरखडलेल्या. ताज्या, पांढऱ्या.

वाट काढल्ती कुनीतरी. खिंड, कातळवाडी, राजूर, अकोले. प्रत्येक गावाला बारीक गोल. पानी मिळतं तितं फुली. अमृतच्या वहीत असायची तशीच. संगमनेरपर्यंत बरोबर काढलेली. पुढं… पुढं खोडलेलं. पुन्हा काढलेलं, पुन्हा खोडलेलं. इतक्यांदा खोडलेलं की कातळाला खळगा पडल्ता.

सगळ्या सह्याद्रीच्या वाटा पाठ असलेल्या पोराला घरचा रस्ता आठवंना झाल्ता.

अजिनाथ म्हनला, मामा, चला हितनं. मी न्हाई निघालो. तीस वर्षं एसटीत घालवली, मला रस्ता विचारता व्हय? म्या एक टोकदार दगड घेतला आन् बसलो मांडी घालून. संगमनेरच्या पुढं लोणी काढलं. श्रीरामपूर. नेवासा. कुकाणा. शेवगाव स्टँड. तितनं फाटा, फाट्यावरचा कडूनिंब, हातपंप, डाव्या हाताचं तिसरं घर. दार काढलं. आन् मोठ्यानं म्हनलो, "ये रं बाबा. आई वाट बघतीय."

बरोबर केलं का चूक, मला अजून ठरवता येत न्हाई.

म्हैन्याभरात काय झालं ते तुमाला म्हाईत हाय. सगळं बंद. एसटी बंद. म्या काढलेल्या रस्त्यावर एक गाडी धावत न्हवती. मी हितंच, शेवगावात, घरात बसून. मनात सारखं यायचं, आता त्याला पायीच यावं लागंल.

एकोनीस एप्रिल, रविवार. सकाळी साडेसहाला सविताचा फोन. "मामा, या." एवढंच म्हनली. मोटारसायकल काढली, शिवारातल्या आडवाटांनी गेलो.

लंकाबाई पडवीत बसलेली, भिंतीला टेकून. आदल्या संध्याकाळी तिनं पडवी शेनानं सारवल्ती. तो, आतला, उंबऱ्याच्या आत बसून भाकर खात हुता. मला बघून हात जोडले. म्हनला, "पावनं, रातच्याला लई तरास झाला. कुनीतरी दार वाजवत हुतं. आई… आई… करत हुतं, पार उजाडूस्तवर. बाई उठाय लागल्या हुत्या, म्या न्हाई उठू दिलं. कडी धरून बसलो."

आन् पुढचा घास घेतला.

लंकाबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. तिचा हात खाली, सारवनावर हुता. आपली जमीन काळी. शेवगावात, नेवाशात, कुठं बी जा, काळीच. त्या सारवनावर पावलं उमटलेली, अनवानी. तांबड्या मातीची, तिकडं डोंगरात असती तशी. अंगनातनं पडवीत, पडवीतनं उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यापाशी दोन्ही पावलं जोडून, खोल रुतलेली… लई वेळ एका जागी उभं ऱ्हायल्यावर रुततात तशी. ती त्यांतल्या एकावर हात फिरवत हुती, तान्ह्या पोराच्या पायावरनं फिरवावा तसा.

तिनं तेवढा भाग पुन्हा सारवला न्हाई. वर दुरडी पालथी घातलीय. परवा दिवाळीला गेल्तो तेव्हा उचलून बघितली. तांबडी माती जशीच्या तशी हाय. उंबऱ्यापर्यंत येनारी पावलं हाईत, माघारी गेलेलं एकबी न्हाई.